ढगढगणारा कॅम

बाईमाणसानं जीव टाकावा तर सोन्यावर टाकावा, असं आमच्या आत्याबाईंचं ठाम मत होतं. आत्याबाई म्हणजे माझ्या नवऱ्याची आत्या. भावाकडेच, म्हणजे आमच्याकडेच राहायच्या. सराफा घरापासून पायी जाण्याइतका. त्या अधूनमधून तिथे जायच्या, चार दुकानांत चार बांगड्या हातात चढवून उतरवायच्या आणि काहीही न घेता तृप्त चेहऱ्यानं परत यायच्या. मी जीव टाकला तो एका हिरव्या, तेलकट, लोखंडी मशीनवर. आता हसू येतं. तेव्हा त्या मशीनला कोणी "भंगार" म्हटलं, की पोटच्या पोरीला नावं ठेवल्यासारखा माझा चेहरा व्हायचा.

जबलपूरच्या ओमती भागात, घराच्या मागे सासऱ्यांचं ग्राइंडिंगचं वर्कशॉप होतं. सासऱ्यांना आम्ही मामाजी म्हणायचो. मशिनी दोन. एक क्रँकशाफ्ट घासायची. ट्रक-ट्रॅक्टरांच्या कृपेनं तिला काम कधी कमी पडलं नाही. दुसरी कॅमशाफ्ट घासायची, ती माझी. लग्न होऊन अमरावतीहून आले तेव्हा माझ्याकडे मेकॅनिकलचा डिप्लोमा होता, आणि वर्गात एकटी मुलगी असल्याचा माज त्याहून मोठा होता. मशीनचा कारागीर एकदा गावाला लग्नाला गेला तो परतलाच नाही. मामाजी म्हणाले, "तो येईपर्यंत तू सांभाळ, सूनबाई." तो अजून यायचा आहे.

कॅमशाफ्ट म्हणजे काय, हे मी त्या काळात न विचारणाऱ्यालाही सांगत असे, तेव्हा तुम्हीही ऐका. इंजिनाच्या प्रत्येक सिलिंडरला दोन दारं असतात. एकातून हवा आत येते, दुसऱ्यातून धूर बाहेर जातो. ही दारं कधी उघडायची, किती उघडायची आणि किती वेळ उघडी ठेवायची, हे एक दांडा ठरवतो. त्या दांड्यावर अंड्याच्या आकाराचे उंचवटे असतात. अंड्याचं टोक दाराला ढकलतं, दार उघडतं. टोक निघून गेलं की दार बसतं. अंडं जरा लठ्ठ केलं तर दार जास्त वेळ उघडं राहतं. बस, एवढंच. या एवढ्यावर मी माझ्या तरुणपणाचं एक अख्खं वर्ष चिडचिड करत काढलं.

ते साल म्हणजे छत्तीसगड वेगळं झालं त्याच्या जरा पुढचं. नव्या गाड्या आल्या होत्या, त्यांचे सुटे भाग डब्यातून तयार यायचे. घासलेला कॅम कोणाला हवा होता? माझं मशीन आठवडाआठवडा झाकून पडायचं. नागपूरच्या एका व्यापाऱ्यानं ते मागितलं. मामाजींनी मला बोलावून सांगितलं, "दिवाळीपर्यंत पाहू. काम आलं तं राहू देऊ. नाही तं तो टेम्पो घेऊन येते."

"आणि मी काय करू मग?"

"तू काहून चिंता करून राहिली? शाळेत मास्तरीण हो. बोलायचं काम हाये, तुले जमते."

तर असं होतं. मशीन गेलं असतं तर मी गेले असते फळ्यापुढे, हातात खडू. माझी पोरांना शिकवायची तयारी नव्हती; मला पोरांची दया येत होती.

पावसाळा संपता संपता एक गिऱ्हाईक आलं. गिट्टीच्या, म्हणजे खडीच्या, ठेकेदाराचा मुलगा, पंचविशीतला, गळ्यात जाड साखळी, पायात पांढरे बूट. त्यानं दिल्लीच्या जुन्या मालाच्या बाजारातून एक वापरलेलं जपानी इंजिन आणलं होतं, टर्बोसकट, आणि ते आपल्या छोट्या गाडीत बसवलं होतं. टर्बो म्हणजे इंजिनाच्याच धुरावर फिरणारा पंखा. बाहेर जाणारा धूर त्याला फिरवतो आणि तो फिरत फिरत आतल्या हवेला दाबून सिलिंडरात कोंबतो. हवा जास्त, तर पेट्रोल जास्त, तर जोर जास्त. पण त्या इंजिनाचा कॅमशाफ्ट झिजला होता, दोन अंडी पार खाल्ली गेली होती, आणि नवा कुठे मिळेना.

"भाभी जी," तो म्हणाला, "ऐसा कैम बना दो कि पूरा जबलपुर पलट के देखे."

माझ्या डोळ्यांसमोर त्याची गाडी आलीच नाही. आले ते त्याच्यासारखे दहा-वीस मुलगे. भोपाळचे, नागपूरचे, गळ्यात साखळी घातलेले, रांगेत उभे, प्रत्येकाच्या हातात एक झिजका कॅमशाफ्ट. मी मामाजींकडे असं पाहिलं, जसं पोर बक्षीस मिळाल्यावर बापाकडे बघतं. अजून काही मिळालं नव्हतं, ही बारीकशी गोष्ट सोडून द्या.

आता माझी अक्कल पाहा. मी विचार केला, हवा जास्त हवी ना? मग दार जास्त वेळ उघडं ठेवा. दोन्ही दारं जास्त वेळ उघडी ठेवा. धूर जायला वेळ, हवा यायला वेळ. शर्यतीच्या गाड्यांत असंच करतात, हे मी कुठेतरी वाचलं होतं, आणि मी जे कुठेतरी वाचलेलं असे ते मला वेद वाटे. शर्यतीच्या त्या गाड्यांना टर्बो नव्हता, हे त्याच पानावर खाली लिहिलं असणार. पण खालपर्यंत वाचण्याचा माझा स्वभाव नव्हता.

झिजलेल्या दांड्यावर वेल्डिंगचा थर चढवून मी अंडी घासली. लठ्ठ, गरगरीत, लाडावलेली अंडी. गाडीत कॅम चढला, इंजिन सुरू झालं आणि ओमतीच्या गल्लीत असा आवाज झाला, जसा एखादा म्हातारा रेडा दाराशी उभा राहून धापा टाकतोय. ढग-ढग, ढग... ढग-ढग. उभ्या गाडीचं बॉनेट थरथरत होतं. समोरच्या पिठाच्या गिरणीतले लोक बाहेर आले. आत्याबाई देवघरातून ओरडल्या, "काय पडलं व?"

ठेकेदाराचा मुलगा डोळे मिटून ऐकत होता. भजन ऐकावं तसं. "वाह, भाभी जी. वाह."

मीही मान डोलावली. आवाज आला म्हणजे काम झालं, असं मलाही वाटलं. बॉनेट हललं म्हणजे ताकद, एवढंच माझं शास्त्र. पेढे मागवले होते मी, खोटं कशाला सांगू.

दुसऱ्या दिवशी तो तोंड पाडून आला. रांझीच्या रस्त्यावर चढावाला गाडीनं दम तोडला होता. फॅक्टरी सुटायची वेळ, सायकलींचा लोंढा, आणि एका मोटारसायकलवाल्यानं, मागे बायको, पुढे टाकीवर पोर, याला मागे टाकलं होतं.

"आवाज तो शेर का है, भाभी जी, पर चढ़ाई पे बकरी. टर्बो जागता ही नहीं. जागता है तब तक रोड ख़तम."

मी त्याला सांगितलं की गाडी नीट चालवायला शिका. हे मी खरोखर म्हणाले. ज्या बाईनं तोवर फक्त मामाजींची जीप अंगणातून गल्लीत आणि गल्लीतून अंगणात नेली होती, ती म्हणाली.

माझा नवरा रांझीच्या कारखान्यात इंजिनं तपासायच्या विभागात होता. घरी येऊन तो शक्यतो इंजिनाबद्दल बोलत नसे. मिठाईवाला घरी मिठाई खात नाही तसं. पण त्या संध्याकाळी त्यानं हात धुता धुता विचारलं, "जपान्यांनी मूळचा कॅम कसा केला होता, ते मोजलं का तू?"

"त्याची दोन अंडी खाल्लेली आहेत."

"आणि बाकीची?"

बाकीची मी मोजली नव्हती. बाकीची चांगली होती म्हणून मी त्यांच्याकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं, आणि वर त्यांच्यावर वेल्डिंगचा थर चढवून मोकळी झाले होते. ठेकेदाराच्या मुलानं कटकट करत पुन्हा दिल्ली गाठली आणि तसाच दुसरा कॅमशाफ्ट आणला. तोही झिजका, पण त्याची निम्मी अंडी शाबूत होती.

मोजायचं म्हणजे काय, तर दांडा इंजिनात बसवून इंजिन हातानं हळूहळू फिरवायचं आणि कितव्या अंशावर कोणतं दार किती उघडलं, ते लिहून घ्यायचं. अंश मोजायला मोठी चकती लागते. ती बाजारात मिळेना. मी स्वयंपाकघरात गेले आणि सगळ्यात मोठं, सगळ्यात सपाट स्टीलचं ताट उचललं. आत्याबाईंनी आमच्या लग्नात दिलेलं. कडेला त्यांचं नाव कोरलेलं, पुढे "सप्रेम भेट". मी कडेनं अंश आखले, मधोमध एक मोठं भोक पाडलं, बोल्टांसाठी भोवती आणखी भोकं पाडली आणि ताट इंजिनाच्या मागच्या बाजूला, जिथे जड चाक बसतं तिथे, घट्ट आवळलं.

आत्याबाईंना कळायला जेवणाची वेळ व्हावी लागली.

"अवं, माह्या ताटाले काय केलं तू? पोळी वाढली तं खाली पडते ना यातून!"

"आत्याबाई, तुमचं नाव शाबूत आहे बघा."

"नाव घेऊन काय करू? जेवू कशात, इंजिनात?"

तर आत्याबाई अबोला धरून बसल्या आणि मी मोजायला बसले. जो आकार आला तो पाहून मी चाट पडले. हवेचं दार अंडं झटकन उघडत होतं आणि रमतगमत बसवत होतं. धुराच्या दाराचं गणित तर माझ्या पुस्तकातल्या कुठल्याच चित्राशी जुळेना. हवा यायच्या वेळी धूर, धुराच्या वेळी हवा. एखाद्या शहाण्या माणसाला इथे शंका आली असती. मला भक्ती आली. मी म्हटलं, जपानी लोकांचं डोकंच वेगळं. यात काहीतरी खोल आहे. मी त्यावर रात्रंदिवस विचार केला, मामाजींना व्याख्यान दिलं, त्या आकाराचा मास्टर, म्हणजे ज्यावरून मशीन अंडं कोरतं तो नमुना, हातानं घासून घासून बनवला. बोटांची सालं निघाली. आणि एक सिद्धांतही तयार केला, की टर्बोच्या गाडीत हवेला आधी "गाफील ठेवून" मग आत घेतात.

नवऱ्यानं रविवारी येऊन पाहिलं. मी त्याला दाखवायला ताट फिरवलं.

तो माझ्या हाताकडे बघायला लागला. मग म्हणाला, "तू आरती करून राहिली का?"

"म्हणजे?"

"उलटं फिरवून राहिली तू. तू मागून उभी हायेस. मागून पाहिलं तं इंजिन दुसरीकडून फिरते."

मी हाताकडे पाहिलं. हातात ताट आलं, की बाईचा हात ज्या दिशेनं आपोआप वळतो, त्याच दिशेनं तो वळत होता. डावीकडून वर, उजवीकडे, खाली. जन्मभर देवापुढे ओवाळलं, तसंच मी त्या जपानी इंजिनाला ओवाळत होते. पुढून बघितलं असतं तर तीच दिशा बरोबर होती. मागून ती सपशेल उलटी. उठायची बाजू मला बसायची दिसली, आणि जपान्यांच्या खोलपणाची जी दंडवतं मी घातली होती, ती सगळी माझ्या मनगटाला पोचली.

"गाफील कोण राहिलं मग, हवा की तू?" नवरा म्हणाला. माझ्या सिद्धांताची ख्याती त्याच्यापर्यंत पोचली होती, मामाजींच्या कृपेनं.

मी मास्टर फेकून मारला. त्याला नाही, भिंतीला. भिंतीचा पोपडा पडला, मास्टरला काही झालं नाही. निरुपयोगी वस्तू फार टिकाऊ असतात.

सरळ फिरवून पुन्हा मोजलं. आणि जे आलं, त्यानं मी आणखीच वैतागले, कारण ते इतकं साधं होतं. बेताची अंडी. माझ्या लठ्ठ अंड्यांच्या मानानं उपाशी. आणि धुराचं दार बसायच्या सुमारास हवेचं दार उघडतं, दोन्ही दारं मिळून जो थोडा वेळ उघडी राहतात, तो वेळ जपान्यांनी अगदी कंजूषपणे ठेवला होता. मी तोच वेळ सढळ हातानं वाढवला होता.

का कंजूष, ते नवऱ्यानं दाखवलं. टर्बोच्या आधी, जिथून धूर बाहेर पडतो तिथे, त्यानं तांब्याची लांब नळी जोडून तिला टायरची हवा मोजायचं घड्याळ लावलं. दुसरं घड्याळ हवेच्या बाजूला. लठ्ठ अंडी परत बसवून गाडी चढावावर घेतली. धुराचा दाब हवेपेक्षा जास्त! धुराला टर्बोच्या पंख्यातून वाट काढून बाहेर जावं लागतं, तो तिथे तुंबतो. आणि त्याच वेळी दोन्ही दारं सताड उघडी दिसली, तर तो बाहेर कशाला जाईल? माघारी आत येतो. हवा यायच्या आधीच घर धुरानं भरलेलं.

मला रागानं रडू यायचं बाकी राहिलं. अहो, जबलपूरचा उन्हाळा! दर उन्हाळ्यात मी घरभर ओरडत फिरत असे, कूलर चालू आहे, दारं लावा, एक खिडकी किलकिली ठेवा, सताड उघडाल तर बाहेरची झळ आत येईल, सगळीच लावाल तर घामानं चिकचिकाल. एक फट, बेताची. हे मी आल्यागेल्याला, दूधवाल्यालासुद्धा ओरडून सांगत असे. आणि कॅम करायची वेळ आली तेव्हा त्याच बाईनं घराची सगळी दारं उघडून कूलर लावला होता.

मग मात्र मी बसले. मूळच्या आकाराला धरून, आणि ठेकेदाराच्या मुलाचा टर्बो लहान, लवकर तुंबणारा, म्हणून दोन अंड्यांतलं अंतर मूळच्यापेक्षाही जरासं वाढवून, म्हणजे दोन्ही दारं मिळून उघडी राहायचा वेळ आणखी कमी करून, नवा मास्टर केला. आणि तेव्हाच भारनियमनानं डोकं वर काढलं. त्या वर्षी वीज यायची ती पाहुण्यासारखी. घासायचं चाक अंड्याला लागलेलं, दांडा माझ्या मशीनवर पाळण्यासारखा हलतोय, आणि झप्प. चाक मंदावतं, अंड्यावर चरा. एक दांडा असाच गेला. तिसरा आणायला मुलगा पुन्हा दिल्लीला गेला आणि जाताना म्हणाला, "भाभी जी, इतने में तो मेरी शादी हो जाती."

"करून टाक," मी म्हटलं. "ती तरी ढगढग करेल."

नवरात्र उलटलं. नागपूरच्या व्यापाऱ्याचा फोन येऊन गेला. मामाजींनी मशीनच्या पायाचे बोल्ट किती मुरलेत ते एकदा पाना लावून पाहिलं. ते मी पाहिलं, आणि त्यांनी मला पाहताना पाहिलं.

शेवटी कॅम झाला. ठेकेदाराचा मुलगा गावाबाहेर गेला होता, म्हणून गाडी मीच काढली. नवरा शेजारी, दोन्ही हातांनी डॅशबोर्ड धरून. इंजिन सुरू केलं आणि मला वाटलं बंद पडलं. इतकं शांत. शिलाई मशीनसारखं, शेजारच्या खोलीत कोणी ब्लाउज शिवतंय असं. बरगीच्या रस्त्याला लागलो. मोकळा रस्ता आला, तिसऱ्या गिअरमध्ये मी पाय दाबला.

काय सांगू. पाठीमागून कोणीतरी दोन्ही तळवे लावून ढकललं. चढ आला तो आलाच नाही. पंखा लगेच जागा झाला, त्याची बारीक शीळ ऐकू यायला लागली आणि पदर खिडकीतून बाहेर. नवरा म्हणाला, "बस, बस, बस," आणि मग म्हणाला, "अजून एकदा." वळवून तोच चढ आम्ही तीनदा घेतला. घड्याळात धुराचा दाब हवेच्या जवळपास. मी त्या रस्त्यावर मोठ्यानं ओरडले, काय ओरडले ते लिहिण्यासारखं नाही, आत्याबाईंच्या संस्कारात बसत नाही.

मशीन वाचलं, असं मी घरी येऊन स्वतःच जाहीर केलं.

दोन दिवसांनी ठेकेदाराचा मुलगा गाडी घ्यायला आला. मी किल्ली फिरवली आणि बाजूला उभी राहिले, हाताची घडी घालून, सत्काराच्या तयारीत.

त्यानं बॉनेटवर हात ठेवला. मान तिरकी केली. "चालू है?"

"हो."

"भाभी जी, इसमें तो कुछ हुआ ही नहीं."

"चालवून तर पाहा भैया!"

तो गेला. मी गेटशी उभी. परत आला तेव्हा त्याचा चेहरा अगदी उतरला होता. म्हणाला, भागती है, ख़ूब भागती है, झूठ नहीं बोलूँगा. पण ओमती चौकात सिग्नलला उभा होतो, भाभी जी, आणि एका माणसानं मान वळवली नाही. एकानंही नाही. पानवाल्यानं विचारलं, इंजिन निकलवा दिया क्या?

"अरे पण चढावर?"

"चढ़ाई पे कौन देखता है? वहाँ तो पेड़ हैं."

मग मी त्याला व्याख्यान दिलं. ताट आणून दाखवलं. घड्याळं दाखवली. कूलर समजावला. धूर कसा तुंबतो ते दोन पातेली घेऊन करून दाखवलं. तो मोठ्या आदरानं सगळं ऐकत होता, मध्ये मध्ये "जी भाभी जी" म्हणत होता, आणि मी दम घ्यायला थांबले तेव्हा म्हणाला, "वो पहले वाला रखा है ना? वही डाल दो. मेरे तीन दोस्त उसी को सुन के पागल हैं. उनको भी बनवाना है."

मामाजी ओट्यावर बसून हे सगळं ऐकत होते. "तीन?" ते म्हणाले.

मी म्हटलं, नाही. मी चुकीचा कॅम कोणाच्या गाडीत घालणार नाही. माझा डिप्लोमा आहे. डिप्लोमा हा शब्द मी त्या काळात तलवारीसारखा काढत असे. मुलगा गोंधळून मामाजींकडे बघायला लागला. मामाजी उठले, माझ्याजवळ आले.

"सूनबाई, बासुंदी करता येते म्हणून कोणी पिठलं मागितलं तं बासुंदी वाढशील काय?"

"पिठल्यानं गाडी चढत नाही, मामाजी."

"त्याले चढायचं नाही ना. त्याले चौकात उभं राहायचं हाये." मग हळू आवाजात, "व्यापारी परवा येते. मी त्याले काय सांगू, तू सांग."

रात्रभर मी नवऱ्याला झोपू दिलं नाही. तो एवढंच म्हणाला, "मशीन तुझं हाये. मशीन ठेवायचं का बरोबर असायचं, ते ठरव. दोन्ही आज मिळून नाही राहिलं." आणि कूस बदलून घोरायला लागला. त्याचंही ढगढगच.

सकाळी मी माझ्या हातानं तो सुंदर, शहाणा, कंजूष कॅम काढला आणि ती लठ्ठ अंडी परत बसवली. इंजिन धापा टाकायला लागलं. गिरणीतले लोक बाहेर आले. मुलगा डोळे मिटून उभा राहिला. मला वाटलं त्याच्या त्या पांढऱ्या बुटावर ऑइलचा डबा पालथा करावा.

दिवाळीच्या आधी मित्रांचे तीन दांडे आले. मग त्यांच्या मित्रांचे. मामाजींनी नागपूरला फोन करून सांगितलं, अभी नहीं देना. आत्याबाई म्हणाल्या, इतका आवाज करून राहिली, आता घरात नवं ताट तरी आण. संध्याकाळी ओमतीतून एकामागून एक माझे कॅम जायचे, ढग-ढग, ढग... ढग-ढग, आणि माणसं मान वळवून बघायची, आणि मी स्वयंपाकघरात कणीक अशी मळायची की पोळ्या चिवट व्हायच्या. मशीन सुटीच्या दिवशीही झाकलेलं राहत नव्हतं. मला हवं होतं तेच. अगदी तेच.

हार मानणाऱ्यांतली मात्र मी नव्हते. मी एक युक्ती काढली. टर्बोवाला दांडा आला, की मी अंडी पहिल्यापेक्षा किंचित बारीक करायची. कोणाला न सांगता. पुढच्याची आणखी किंचित. म्हटलं, असं करत करत दोन वर्षांत अख्ख्या जबलपूरला शहाणपणावर आणीन, कोणाला पत्ताही लागणार नाही. पहिला गेला, काही बोलला नाही. दुसरा गेला. तिसऱ्या वेळी एक मुलगा आला, ज्याला गिअर कधी बदलायचा तेही कळत नव्हतं, ज्याची गाडी मी स्वतः चढावर उलटी घसरताना पाहिली होती. इंजिन सुरू केलं. त्यानं कान लावला. दोनच ठोके ऐकले असतील.

"भाभी जी," तो म्हणाला, "ये वो वाला नहीं है. थोड़ा सा सीधा हो गया है."

मला जे मोजायला ताट, घड्याळ, नवरा आणि तीन दांडे लागले होते, ते त्यानं कानानं पकडलं होतं, आणि नापास केलं होतं.

"बॉनेट खोल, बावा," मी म्हटलं, आणि पाना घेतला.